कासवाच्या शीमध्ये जंत दिसले: औषध द्यायचे का, आणि कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या घरी चार वर्षांचे आफ्रिकन सल्काटा कासव आहे. वजन 2.4 किलो. काकडी, टोमॅटो, कलिंगड, कोबी देता. खाते-फिरते व्यवस्थित. मागच्या आठवड्यात त्याच्या शीमध्ये पांढरे, बारीक, वळवळणारे काहीतरी दिसले. जिथून खाद्य आणता तो दुकानदार म्हणाला, आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देऊन टाका. घरातल्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी असते, तसेच वेळापत्रक कासवालाही लावावे का? सहा वर्षांची मुलगी त्याच्याशी खेळते, तिला जंत होतील का? आणि मित्राकडचे एक कासव घरी आणायचे आहे, त्याला आधी औषध द्यावे का?

आधी आयव्हरमेक्टिनचे बोलू. बाकीचे सावकाश वाचलेत तरी चालेल, हे आत्ता वाचा. आयव्हरमेक्टिन कासवाला द्यायचे नाही. इंजेक्शन नाही, तोंडाने नाही, पाठीवर लावायचे थेंब नाहीत, आणि ‘अगदी थोडेसे’ही नाही. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कुत्र्यांमध्ये हे औषध सर्रास चालते, म्हणून ते पटकन कोणाच्याही तोंडी येते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याने कासव गेलेले पाहिलेले नसते. हे औषध जंताच्या चेतापेशींमधल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवते आणि जंत लुळा पडतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत रक्तातले औषध मेंदूपर्यंत पोहोचू नये अशी राखण असते, त्यामुळे ते वाचतात. कॉली जातीच्या काही कुत्र्यांत ही राखण जन्मतःच कमकुवत असते, त्यांना हेच औषध बाधते. कासवांमध्ये तर ते गुरांना चालणाऱ्या मात्रेच्या अंशावरही मज्जासंस्थेला गाठते. 1983 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लेपर्ड आणि रेड फूटेड या जातींच्या कासवांचे पाय अशाच छोट्या मात्रांनी लुळे पडले होते. सल्काटा हे लेपर्ड कासवासारखेच आफ्रिकेतले जमिनीवरचे कासव आहे. ‘माझ्या जातीला चालत असेल’ असे मानायला काही आधार नाही.

कासवात हा लुळेपणा जास्त घातक ठरायला आणखी एक कारण आहे. त्याच्या बरगड्या कवचाला जुळलेल्या असतात, आपल्यासारखी छाती फुगवून त्याला श्वास घेता येत नाही. पोटाचे आणि पायांच्या मुळाशी असलेले स्नायू हलवून ते फुप्फुसे भरते-रिकामी करते. तेच स्नायू लुळे पडले की श्वास थांबतो. यावर उतारा ठरेल असे औषध नाही. कोणी आधीच देऊन बसले असेल तर वाट पाहू नका. मान लोंबणे, पाय आत न ओढणे असे काही दिसण्याच्या आधीच डॉक्टरकडे न्या. उबेत ठेवणे, पाणी देणे, गरज पडल्यास श्वास देत राहणे, हेच उपचार आहेत. ते बरेच दिवस करावे लागतात आणि काही कासवे त्यातून उठतातही.

याच्याच जोडीला एक धोका बाजारात लपलेला आहे. फेनबेंडाझोल हे कासवांना वापरले जाणारे औषध, पण गुरांसाठी त्याच्या ज्या गोळ्या मिळतात त्यांतल्या काहींत फेनबेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिनही असते. नाव जवळपास तेच, पुढे फक्त ‘प्लस’ लावलेले. म्हणून मेडिकलवाल्याने काय सांगितले यावर जाऊ नका. पाकिटामागची बारीक अक्षरातली घटकांची यादी स्वतः वाचा. मोक्सिडेक्टिन, डोरामेक्टिन हीही आयव्हरमेक्टिनचीच भावंडे, तीही नकोत. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या औषधांतही यातले एखादे असू शकते, तेव्हा औषध लावलेला कुत्रा ते पूर्ण वाळेपर्यंत कासवाला अंग घासणार नाही एवढे पाहा.

आता तुम्हाला दिसले ते काय होते? जंतच होते असे मी लगेच मानणार नाही. माझ्याकडे ‘जंत’ म्हणून आलेल्या डब्यांत तीन गोष्टी वारंवार सापडतात. गवत खाणाऱ्या कासवाच्या शीमध्ये न पचलेले पांढुरके धागे असतातच. ओल्या शीमध्ये ते वाऱ्याने हलले तरी जिवंत वाटतात. दुसरे, लघवीबरोबर येणारा पांढरा चुन्यासारखा पदार्थ, म्हणजे युरेट. तो कासवाच्या मूत्रपिंडाचा नेहमीचा माल आहे, जंतांशी त्याचा संबंध नाही. मात्र तो खरखरीत, वाळूसारखा लागत असेल तर कासवाला पाणी कमी पडते आहे. तिसरे म्हणजे माशीच्या अळ्या. सकाळची शी संध्याकाळी पाहिली, विशेषतः पावसाळ्यात, तर त्यातल्या अळ्या कासवाच्या आतल्या नसून माशीने बाहेर घातलेल्या अंड्यांतल्या असू शकतात. म्हणून ताजी शी पाहा. त्यातले जे वळवळते ते बशीतल्या कोमट पाण्यात टाका आणि फोटो, व्हिडिओ काढून ठेवा. काही मिलिमीटर लांबीचे, एका टोकाला सुईसारखे निमुळते पांढरे किडे भरपूर दिसले तर ते बहुधा ऑक्सियुरिड गटातले, म्हणजे पिनवर्म. जाड शेवईसारखा, बोटभर लांब, एखाददुसराच निघाला तर तो गोल कृमींपैकी, ॲस्कॅरिड गटातला असू शकतो आणि त्याचा निर्णय वेगळा होतो.

तुमच्या वर्णनावरून पिनवर्मच वाटतात. आणि इथेच माणसांची नि कुत्र्यांची सवय आपल्याला चुकीच्या वाटेने नेते. शाळेत दर वर्षी 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो, मुलांना गोळी चावायला देतात. कुत्र्याच्या पुस्तिकेत पुढची तारीख लिहिलेली असते. त्यामुळे जंत म्हणजे शत्रू, आणि दिनदर्शिका पाहून मारायचे, हे डोक्यात पक्के बसते. गवतावर जगणाऱ्या कासवाच्या मोठ्या आतड्यात मात्र पिनवर्म असणे हीच नेहमीची अवस्था आहे. रानातल्या निरोगी कासवांतही ते असतात, एकेका कासवात अनेक जातींचे. 1963 मध्ये शॅड या शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राकाठच्या एका कासवाच्या आतड्यातले टॅकिगोनेट्रिया या एकाच वंशाचे पिनवर्म तपासले, तेव्हा निरनिराळ्या जातींनी आतड्याचे निरनिराळे भाग वाटून घेतलेले आढळले: कोणी पुढच्या टोकाला, कोणी मागच्या, कोणी भिंतीजवळ, कोणी मधल्या चोथ्यात. इतकी नीट बसलेली घडी काही हजार वर्षांत होत नाही. यातले बरेचसे जंत आतड्यातल्या चोथ्यावर आणि जिवाणूंवर जगतात, कासवाचे रक्त पीत नाहीत. आतड्यातला चारा ढवळून ते आंबवणाच्या कामाला मदतच करतात असेही काही अभ्यासक मानतात. मी तेवढे ठामपणे म्हणणार नाही. पण ‘दिसले की मारा’ हे तरी नक्की चूक आहे.

तेव्हा कुत्र्यासारखे तीन महिन्यांचे वेळापत्रक लावू नका. वेळापत्रक लावायचेच असेल तर ते तपासणीचे लावा: वर्षातून दोनदा शी तपासा. आपल्याकडे मी जून लागण्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात एकदा सांगतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, ऊन मिळत नाही, कासव अंगणाऐवजी बाल्कनीच्या एका कोपऱ्यात अडकते, तिथेच खाते नि तिथेच शी करते. बाहेर पडलेल्या जंतांच्या अंड्यांना तग धरायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. ऑक्टोबरातल्या तपासणीत अंडी जास्त दिसण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

नमुना नीट मिळाला नाही तर तपासणी व्यर्थ जाते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. सकाळी कासवाला ऊन किंवा दिवा घेऊ द्या, मग पसरट टोपल्यात हनुवटीच्या खाली राहील इतके कोमट पाणी घेऊन वीसेक मिनिटे बसवा. पाणी तीस अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटावर ना गार ना गरम. बहुतेक कासवे यात शी करतात. ती लगेच बाहेर काढा, कारण साध्या पाण्यात नाजूक एकपेशीय जीव फुगून फुटतात आणि मग ‘काही आढळले नाही’ असा अहवाल येतो. नमुना कोरड्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि दोन-तीन तासांत डॉक्टरकडे पोहोचवा. तेवढे जमत नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. एक दिवस राहिला तरी जंतांची अंडी ओळखता येतात, हलणारे एकपेशीय जीव मात्र ओळखू येत नाहीत. मातीत पडलेली शी आणू नका. मातीत मुक्त जगणारे सूत्रकृमी असतात, ते शीमध्ये शिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली भल्याभल्यांना चकवतात.

डॉक्टरांना दोन तपासण्या करायला सांगा: कोमट सलाइनमध्ये थेट काचपट्टी, आणि मिठाच्या दाट द्रावणात अंडी तरंगवून घेण्याची पद्धत. पिनवर्मची अंडी लांबट, एका बाजूला जरा चपटी दिसतात; गोल कृमींची गोलसर आणि जाड कवचाची. शक्यतो कासव-सापांचे काम करणारा पशुवैद्य गाठा. तसा जवळ नसेल तर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या परोपजीवीशास्त्र विभागात नमुना नेता येतो. पुण्याहून शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय जवळ आहे. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना द्यायचा मोह होतो, तो आवरा. त्यांचा अहवाल खोटा नसतो, पण तो माणसाच्या पोटाचा विचार करून लिहिलेला असतो. त्यात ‘बॅलँटिडियम आढळले’ असे लाल अक्षरात येते आणि घरात रडारड सुरू होते. बॅलँटिडियम, निक्टोथेरस हे केसाळ, भराभर फिरणारे मोठे एकपेशीय जीव गवत खाणाऱ्या कासवाच्या पोटात असायचेच. ते दिसले म्हणून एकपेशीय जीव मारणारे मेट्रोनिडाझोल सुरू करणे हा दुसरा नेहमीचा घोटाळा. माणसांची 400 मिलिग्रॅमची गोळी 2.4 किलोच्या कासवाला दिली तर किलोमागे 160 मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध जाते. इतक्या मात्रेने कासव तोल जाऊन गोल फिरू लागते, आणि मग लोक म्हणतात जंत मेंदूत गेले.

तर मग औषध कधी द्यायचे? मी तीन गोष्टी एकत्र पाहतो: शीमध्ये कोणता जीव आहे, कासव कसे आहे, आणि ते कुठे नि कोणाबरोबर राहते. अंड्यांच्या आकड्यावर एकट्यावर मी निर्णय घेत नाही, कारण अंडी किती पडतात आणि आत जंत किती आहेत यांचे गणित सरळ जुळत नाही. गोल कृमींची अंडी दिसली तर कासव धडधाकट असले तरी मी औषध देतो. हे जंत मोठे होतात, आतडे अडवू शकतात. शीमध्ये अंड्यांऐवजी वळवळत्या अळ्या दिसल्या आणि कासव रेड फूटेड जातीचे असेल तर मी सावध होतो. प्रोअट्रॅक्टिस नावाचे, अंडी न घालता थेट पिले घालणारे जंत त्या जातीत आतड्याला भयंकर सूज आणतात आणि त्यांनी कासवे मेल्याच्या नोंदी 1987 पासून आहेत. पिनवर्मच आहेत, पण प्रत्येक नमुन्यात खच पडलेला आहे, शी पातळ आहे, खाऊनही वजन घटते आहे किंवा वर्षाच्या आतले पिल्लू वाढत नाही, तर औषध. पिनवर्म आहेत आणि कासव खाते, वाढते, घट्ट शी करते, तर औषध नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तुमचे कासव या शेवटच्या खणात बसते असे मला तुमच्या मजकुरावरून वाटते. खात्री करायला एक गोष्ट लागेल, ती म्हणजे वजनांची वही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दर आठवड्याला त्याच वारी, आंघोळ आणि शी झाल्यावर, खायला देण्याआधी वजन लिहा. लघवीची पिशवी भरलेली असेल तर कासवाचे वजन सहज फुगते, म्हणून वेळ पाळायची. चार-सहा आठवड्यांची ही ओळ मला सूक्ष्मदर्शकाइतकीच उपयोगी पडते. ‘खात नाही, म्हणजे जंत झाले’ हा निष्कर्ष तर मी दारातच थांबवतो. खाणे सोडलेल्या सल्काटाच्या घरी मी आधी तापमान विचारतो. हा प्राणी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातला. तो शीतनिद्रा घेत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास जातो आणि फरशीवर झोपलेल्या कासवाचे पोट सकाळी अकरापर्यंत थंडच असते. थंड पोटात चारा सडतो, शी बिघडते, त्यात एकपेशीय जीव माजतात. अशा वेळी औषध दिले तर त्रास दुप्पट होतो.

औषध द्यायचे ठरलेच तर ते कसे द्यावे. पिनवर्म आणि गोल कृमींसाठी पहिली पसंती फेनबेंडाझोल, एकटे, दुसरे काहीही न मिसळलेले. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. मी सर्वसाधारणपणे किलोमागे 50 मिलिग्रॅम एकदा देतो आणि दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. कवचाचे वजन वजा करत बसायचे नाही, अख्ख्या कासवाचे वजन धरायचे. तुमच्या कासवाला म्हणजे 120 मिलिग्रॅम. आता गंमत पाहा: हे औषध 10 टक्के द्रावणात असेल तर ते 1.2 मिलिलिटर होते, आणि कुत्र्याच्या पिलांसाठीच्या 2.5 टक्के द्रावणात असेल तर 4.8 मिलिलिटर. ‘एक एमएल द्या’ असे फोनवर ऐकून दिलेले औषध म्हणूनच कुठल्या कुठे जाते. बाटलीवरची टक्केवारी डॉक्टरांना वाचून दाखवा, मगच सिरिंज भरा.

फेनबेंडाझोल सुरक्षित आहे म्हणून ते पाच-पाच दिवस सलग देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. साध्या पिनवर्मसाठी मला ती पटत नाही. हे औषध जंताच्या पेशींचा सांगाडा मोडते, पण कासवाच्या भराभर विभागणाऱ्या पेशीही त्याच्या कचाट्यात येतात: हाडांतला मगज, आतड्याचे अस्तर. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्मन जातीच्या निरोगी कासवांना किलोमागे 50 मिलिग्रॅम पाच दिवस, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाच दिवस असे औषध दिले. त्यांच्या रक्तातल्या जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बराच काळ घटलेल्या राहिल्या. वरून कासवे ठीक दिसत होती. घरच्या उबदार वातावरणात निरोगी कासव हे निभावून नेईल, पण आधीच अशक्त असलेल्याला तेवढ्याने न्यूमोनिया गाठू शकतो. अल्बेंडाझोल, म्हणजे मुलांना शाळेत मिळते ती गोळी, याच कुळातली पण शरीरात जास्त शोषली जाणारी. तिचा तुकडा मोडून कासवाला देऊ नका.

कोरड्या, सुकलेल्या, खाणे टाकलेल्या कासवाला जंतांचे औषध द्यायचे नाही. आधी चार-पाच दिवस रोज कोमट पाण्यात बसवणे, उब नीट करणे, खाणे सुरू होणे, मग औषध. दिल्यावरही आठवडाभर उब कमी होऊ देऊ नका. आतडे चालत राहिले तरच मेलेले जंत बाहेर पडतात. पाजण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे डॉक्टरांनी मऊ नळीने थेट जठरात सोडणे. घरी जबडा उघडून सिरिंजने ओतायच्या भानगडीत पडू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, औषध फुप्फुसात गेले तर जंत परवडले असे म्हणायची पाळी येते. सल्काटा खादाड असते, त्यामुळे तुमच्यासाठी सोपा उपाय आहे: एक वेळ उपाशी ठेवा, मग जास्वंदीच्या एका फुलात किंवा नागफणीच्या काटे काढलेल्या छोट्या तुकड्यावर औषध जिरवा आणि ते संपल्यावरच बाकीचा चारा टाका. अर्धे टाकले तर अंदाजाने पुन्हा देऊ नका, पुढच्या खेपेला नळीने द्या.

दुसऱ्या दिवशी शी पाहून ‘अजून जंत आहेत, औषध लागू पडले नाही’ असे फोन येतात. फेनबेंडाझोल सावकाश काम करते. अंडी पूर्ण थांबायला तीन-चार आठवडे लागू शकतात. दुसऱ्या मात्रेनंतर महिनाभराने तपासणी करा, त्याआधीच्या अहवालाला अर्थ नाही. त्या तपासणीत थोडी अंडी दिसली तरी मी तिसरी मात्रा देत नाही. जंत शून्यावर आणायचे नसतात, कासव त्यांच्यासह धडधाकट राहिले की झाले.

वावडिंग, कारल्याचा रस, कडुनिंब, पपईच्या बिया यांबद्दलही प्रत्येक जण विचारतो. आजीच्या बटव्यातल्या गोष्टींवर माझा राग नाही. कासवाच्या जंतांवर त्यांची मात्रा कोणी ठरवलेली नाही, एवढेच. कडू चव तोंडात बसली की कासव चार दिवस चाऱ्याकडे पाठ फिरवते, हे मात्र ठरलेले. भोपळ्याच्या बिया तेलकट, त्या सल्काटाच्या पोटाच्या कामाच्याच नाहीत.

औषधापेक्षा जास्त फरक जागेने पडतो. पिनवर्मला मधला यजमान लागत नाही. अंडे शीमधून बाहेर पडते, काही दिवस मुरते आणि चाऱ्याबरोबर त्याच कासवाच्या तोंडात परत जाते. दोन बाय चार फुटांच्या बाल्कनीत हे चक्र इतके भराभर फिरते की मोकळ्या रानात मूठभर असलेले जंत तिथे खच होतात. शी दिसली की उचला, दिवसातून दोनदा तरी. चारा मातीवर न टाकता शहाबादी फरशीच्या तुकड्यावर द्या आणि ती फरशी रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात तापवा. फिनेल आणि ब्लीचने जंतांची अंडी सहसा मरत नाहीत, त्यांचा वास मात्र कासवाच्या डोळ्या-नाकाला झोंबतो. पाणी पिण्याच्या थाळीत कासव हमखास शी करते, म्हणून पाणी रोज बदलायचे. औषध दिले त्याच्या तिसऱ्या दिवशी कुंडाळ्यातली वरची दोन-तीन इंच माती काढून नवी टाका, नाहीतर दिलेले औषध महिनाभरात पुसले जाते.

चाऱ्याचेही तसेच. तुम्ही काकडी, टोमॅटो, कलिंगड, कोबी देता असे लिहिले आहे, हे थांबवा. सल्काटाचे पोट कोरड्या गवतासाठी घडलेले आहे. गोड आणि पाणीदार खाण्याने शी सैल होते, आतले जिवाणू बदलतात, आणि सैल शीमध्ये जंत नि एकपेशीय जीव भरपूर दिसतात. मालकाला जंत दिसतात, कलिंगड दिसत नाही. हरळी, मारवेल, घराजवळचे फवारणी न केलेले गवत, आणि पावसाळ्यासाठी साठवलेले वाळके गवत, हे ताटाच्या मुख्य भागात हवे. जास्वंदीची पाने-फुले, नागफणी, थोडा शेवग्याचा पाला हे तोंडी लावणे. पालक क्वचित. चारा सुधारल्यावर महिन्याने पुन्हा शी तपासा. औषधाशिवाय अहवाल बदललेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

मुलीबद्दल निर्धास्त राहा, निदान जंतांबाबत. कासवाचे पिनवर्म माणसाला होत नाहीत. मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारा जंत वेगळा, तो माणसाकडून माणसाला होतो. घरात तो निघाला तर दोष कासवाला देऊ नका. पण साल्मोनेला हा जिवाणू मात्र निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या शीमध्येही असू शकतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर 1975 मध्ये बंदी आली ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्याचा पापा घ्यायचा नाही, आणि त्याचे टोपले स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाही. साल्मोनेला घालवायला कासवाला प्रतिजैविके देऊ नका. तो जात नाही, फक्त औषधांना सरावतो.

राहिले मित्राचे कासव. ‘आधी औषध देऊन आणतो’ याने काम होत नाही, कारण जंतांच्या औषधाने अमिबा, क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय जीव किंवा विषाणू यांतले काहीच जात नाही. आणायचेच तर किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि रोज आधी तुमच्या कासवाचे करून मग त्याचे. या काळात महिन्याच्या अंतराने तीन वेळा शी तपासा, कारण एक कोरा अहवाल पुरावा होत नाही. दोन वेगळ्या जाती असतील तर तीन महिन्यांनंतरही एकत्र ठेवू नका. एका खंडातल्या कासवाला सवयीचा जीव दुसऱ्या खंडातल्या कासवाला मारून टाकू शकतो, आणि सल्काटा मोठे झाले की लहान कासवाला ढुशा देऊन उलटे पाडते ते वेगळेच.

कागदपत्रेही आत्ताच पाहून घ्या. सल्काटा साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तुमच्या कासवाची झाली नसेल तर ते काम जंतांपेक्षा निकडीचे आहे. कासव मित्राकडून तुमच्याकडे आले तर त्या बदलाचीही नोंद लागते.

मित्राकडचे कासव कोणत्या जातीचे आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव असेल, तर ते घरी आणू नका आणि त्याला कुठलेही औषधही देऊ नका. ते आपल्याच देशातले, 1972 च्या कायद्याने संरक्षित. लकी म्हणून पाळले तरी तो गुन्हाच ठरतो. ते रानातही स्वतः सोडायचे नाही, कारण घरातल्या कासवाच्या पोटातले जीव तिथल्या कासवांत जातात. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर मित्राला फोन करायला सांगा, ते कासव ताब्यात घेऊन तपासणीची व्यवस्था करतात.